शरणागतीचे चार थेंब

संध्याकाळी घरातला कर्ता माणूस कामावरून येतो आणि दार उघडतो. कुत्रा धावत येतो, पण दोन हातांच्या अंतरावर येताच त्याची चाल बदलते. कान मागे चिकटतात, पाठ वाकते, शेपूट पोटाखाली जाते आणि तिचे टोक तेवढे हलत राहते. माणूस कौतुकाने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवू पाहतो. तसा कुत्रा जमिनीला टेकतो, कुशीवर कलंडतो, मागचा एक पाय अर्धवट उचलतो, आणि फरशीवर लघवीचे लहानसे थारोळे होते. मग घरात गलका सुरू होतो. "आत्ताच तर फिरवून आणलं होतं!" "मुद्दाम करतो हा." "दिवसभर एकटं ठेवलं ना, त्याचा राग काढतोय."

कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांना हा प्रसंग ओळखीचा असेल. इंग्रजीतल्या 'सबमिसिव्ह युरिनेशन' या संज्ञेसाठी मी इथे 'शरणागतीची लघवी' हा शब्द वापरतो. दिवाळी अंकाच्या पानांवर हा विषय काहींना अवघडल्यासारखा वाटेल. पण याच चार थेंबांपायी कितीतरी कुत्री मार खातात, बाल्कनीत बांधली जातात, 'शिकतच नाही' म्हणून दुसऱ्याला देऊन टाकली जातात किंवा एखाद्या रात्री गाडीतून दूर नेऊन सोडली जातात. आणि हे सारे घडते ते एका चुकीच्या वाचनामुळे. कुत्रा एक सांगत असतो, आपण नेमके उलटे ऐकतो. म्हणून या वर्तनाचा उगम, त्याचा अर्थ आणि त्यावरचा उपाय क्रमाने पाहू.

लघवी लघवीतला फरक

पहिले काम निदानाचे. कुत्र्याने घरात लघवी करण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

ज्याला बाहेर जाण्याची सवयच लागलेली नाही, तो मूत्राशय भरले की मोकळा होतो. थारोळे मोठे असते आणि समोर माणूस असण्या-नसण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. आपल्या हद्दीची खूण करणारा कुत्रा बहुधा पाय वर करून सोफ्याच्या कोपऱ्यावर, दाराच्या चौकटीवर किंवा कुंडीवर थोडीशी धार सोडतो. लहान पिल्लाला निव्वळ आनंदानेही लघवी होते, पण त्या वेळी ते उड्या मारत असते आणि त्याचे अंग दबलेले नसते. फटाके किंवा मेघगर्जना ऐकून जी होते ती भीतीची. ती कोणाला उद्देशून नसते.

याखेरीज आजार आहेतच. नसबंदी झालेल्या मादीच्या मूत्रमार्गाचे आकुंचन कधी कधी सैल पडते आणि झोपेत लघवी झिरपते. काही पिल्लांत मूत्रवाहिनी जन्मतःच मूत्राशयाऐवजी भलत्या जागी उघडते, त्यामुळे ती सतत ओली राहतात. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांतही घरात लघवी होते. म्हणून स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी पशुवैद्याकडे जाऊन लघवीची तपासणी करून घ्यावी.

शरणागतीची लघवी या सर्वांहून वेगळी ओळखू येते. ती नेहमी कोणाच्या तरी समोर होते आणि कुत्रा एकटा असताना होत नाही. तिच्यासोबत दबलेले अंग, मागे गेलेले कान, वळवलेली नजर, ओठ चाटणे, पोट वर करणे अशी देहबोली असते. कोणी समोरून वाकले, डोक्यावरून हात नेला, डोळ्यांत रोखून पाहिले, आवाज चढवला, की ती होते. घरातली माणसे आपापसांत मोठ्याने भांडत असली तरीही होते. कित्येक घरांत कुत्रा बाबांसमोरच लघवी करतो, आजीसमोर कधीच नाही. यात आजी अधिक प्रेमळ असते असे नाही. आजी खुर्चीत बसलेली असते, हळू बोलते आणि अंगावर धावून जात नाही, एवढाच फरक असतो.

आईच्या जिभेपासून

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान बंद असतात, आणि त्याला स्वतःहून लघवीही करता येत नाही. आई त्याला उताणे करून पोटाचा खालचा भाग चाटते. त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होऊन पिल्लू मोकळे होते आणि आई ते चाटून जागा स्वच्छ ठेवते. साधारण तीन आठवडे हे असेच चालते. म्हणजे आपल्याहून मोठे कोणी वर वाकलेले, आपण पोट वर करून निश्चल पडलेले आणि लघवी होते आहे, ही पिल्लाच्या आयुष्यातली पहिली सुरक्षित अवस्था असते.

स्विस प्राणिशास्त्रज्ञ रुडोल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली त्यांच्या हावभावांवर दीर्घ निबंध लिहिला. पुढे १९६७ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या शरणागतीवर त्यांनी स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. त्यात शरणागतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सक्रिय. यात प्राणी अंग झुकवून, शेपूट हलवत जवळ येतो आणि समोरच्याचे तोंड हुंगतो, चाटतो. लांडग्याची पिल्ले शिकारीहून परतलेल्या थोरांच्या तोंडाशी लागून ओकून दिलेला घास मागतात, त्याचेच हे प्रौढ रूप. मराठीत याला 'गोंडा घोळणे' असा चपखल वाक्प्रचार आहे, फक्त तो आपण माणसांसाठी हेटाळणीने वापरतो. दुसरा प्रकार निष्क्रिय. यात प्राणी कुशीवर किंवा उताणा पडतो, मागचा पाय उचलतो, आणि पुष्कळदा लघवी होते. हे थेट आईच्या जिभेखाली पडून राहणाऱ्या पिल्लाचे रूप आहे.

आपल्याकडच्या लोटांगणाशी याची तुलना करून पाहावी. लोटांगण घालणारा माणूस पोट जमिनीला लावतो, पाठ वर ठेवतो आणि हात पुढे पसरतो. कुत्रा याच्या उलट करतो. शरीराचा सर्वांत नाजूक भाग तो उघडा ठेवतो. माणूस म्हणतो, 'मी तुमच्या पायाशी आहे.' कुत्रा म्हणतो, 'मी अजून बाळ आहे, मला सांभाळून घ्या.'

शेंकेल यांचा महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. त्यांच्या मते शरणागती ही पराभवाची कबुली नसून, कळपात मैत्रीने सामावून घेतले जावे यासाठी दुबळ्याने केलेली धडपड असते. आणि ती सफल होण्यासाठी वरचढ प्राण्यानेही तसाच प्रतिसाद द्यावा लागतो. याचना एकट्याने पुरी होत नाही. समोरच्याने ती स्वीकारली तर दोघांतला ताण उतरतो, नाही तर याचना करणारा अधिकच आर्जव करू लागतो.

इथे शरीराची बाजूही समजून घ्यावी. मूत्राशय भरत असताना त्याची भिंत सैल राहते आणि तोंड आवळलेले असते. रिकामे होताना भिंत आकुंचन पावते आणि तोंड सुटते. ही अदलाबदल मेंदूच्या बुंध्यातल्या एका केंद्राकडून होते. ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले, म्हणून ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. या केंद्रावर मेंदूच्या वरच्या भागांचा अंकुश असतो आणि भावनांचा प्रभावही पडतो. शरणागतीच्या क्षणी तो अंकुश निसटतो. म्हणून कुत्रा 'मुद्दाम' करतो हा आरोप टिकत नाही. माणसाला लाजून लाल होणे जितके स्वेच्छेने टाळता येते, तितकेच कुत्र्याला हे टाळता येते.

म्होरक्याची दंतकथा

मग याला शिक्षेने उत्तर देण्याची प्रथा पडली कशी? एक कारण म्हणजे 'कुत्र्याला तुमची जागा दाखवा, तुम्ही कळपाचे म्होरके व्हा' हा सल्ला. त्याची मुळेही लांडग्यांच्या अभ्यासातच आहेत. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांमध्ये चाललेली चढाओढ पाहून 'आल्फा' म्हणजे म्होरक्या ही कल्पना रूढ झाली. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने ती दूरवर पोहोचली. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांमध्ये अनेक उन्हाळे काढले आणि १९९९ साली स्वतःच्या मांडणीला मुरड घातली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, असे त्यांनी लिहिले. तिथला म्होरक्या कुस्ती जिंकून झालेला नसतो, तो बाप असतो.

म्हणजे ज्या कुत्र्याला लघवी होते तो आपली थोरवी आधीच मान्य करून बसलेला असतो. त्याला आणखी दबवणे म्हणजे पाया पडणाऱ्याला 'नीट पाया पड' म्हणून लाथ मारण्यासारखे आहे.

शिक्षेचा हिशेब

समजा, कुत्र्याने लघवी केली आणि मालक ओरडला. कुत्र्याच्या दृष्टीने काय झाले? थोराला राग आला आणि आपली विनवणी पोहोचली नाही. अशा वेळी त्याच्यापाशी एकच उपाय असतो. तो आणखी लहान होतो, आणखी दबतो, आणखी लघवी करतो. मालकाला वाटते, हा कोडगा आहे. दोघेही आपापल्या भाषेत आवाज वाढवत जातात. नाक थारोळ्यात घासणे, वर्तमानपत्राची सुरळी मारणे या जुन्या 'उपायां'नी हेच चक्र वेगाने फिरते. काही दिवसांनी किल्लीचा आवाज आला तरी कुत्रा थरथरू लागतो.

'पण त्याला कळतं की आपलं चुकलं, तोंडावर दिसतं ना,' असे लोक म्हणतात. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हीच समजूत तपासली. १४ पाळीव कुत्र्यांना मनाई केलेला खाऊ समोर ठेवून मालकांना खोलीबाहेर पाठवले. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकांना कधी खरे सांगितले, कधी खोटे. तो 'अपराधी चेहरा' खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावण्यावर होता. उलट खाऊला न शिवताही बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडावर तो अधिक ठळक दिसला. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ती आपल्याच रागाला दिलेली विनवणी असते.

ब्रिटनमध्ये हिबी, रूनी आणि ब्रॅडशॉ यांनी २००४ साली कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. शिक्षेचा वापर अधिक करणाऱ्यांच्या कुत्र्यांत वर्तनाच्या तक्रारीही अधिक होत्या, आणि बक्षिसाने शिकवलेले कुत्रे अधिक आज्ञाधारक होते.

निरपराध कुत्र्याला मारण्याची गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला यज्ञमंडपातून मारून हाकलतात. पिल्लू रडत आईकडे जाते आणि सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, चाटलेही नाही. सरमा यज्ञात येऊन जाब विचारते. उत्तर मिळत नाही, तेव्हा ती शाप देते, की निरपराधाला मारलेत म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभीच कुत्रीने राजाला अपराध विचारावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काही कुत्रीच अशी का?

एकाच वेतातली दोन पिल्ले, एक बिनधास्त आणि एक दबलेले, असे का होते? काही भाग उपजत असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर इथे पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम केले आणि १९६५ साली ग्रंथरूपाने मांडले. भित्रेपणात जातीगणिक आणि कुत्र्यागणिक फरक पडतो हे त्यात दिसले. त्यांच्या मते वयाच्या साधारण ३ ते १२ आठवड्यांचा काळ माणसाची ओळख पटण्यासाठी निर्णायक असतो. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले पुढे माणसाशी सहज जुळवून घेऊ शकली नाहीत.

आपल्याकडे रस्त्यावरून उचललेली, पिंजऱ्यात वाढलेली किंवा दोन-तीन घरे फिरून आलेली कुत्री असतात. त्यांचा हा काळ कसा गेला हे आपल्या हाती नसते. पण पिल्लांतली ही सवय वाढत्या वयाबरोबर, वर्षभराच्या आत, पुष्कळदा आपोआप सुटते, जर मधल्या काळात कोणी तिला शिक्षेचे खतपाणी घातले नाही तर.

उपाय: आपण लहान होणे

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवली. तो आवडीचे खात असताना ससा खोलीत दूर ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा, एवढीच युक्ती होती. कुत्र्यासाठीही तत्त्व हेच. भीतीची मात्रा अगदी कमी ठेवावी आणि सोबत काही सुखाचे द्यावे. इथला ससा आपण स्वतः असतो.

घरी आल्यावर पहिली चार-पाच मिनिटे कुत्र्याकडे लक्ष देऊ नये. बोलू नये, पाहू नये, चप्पल काढून आपल्या कामाला लागावे. यात निष्ठुरपणा नाही. भेटीची धार बोथट होते, आणि तो शांत झाल्यावर भेट घेता येते. शक्य असेल तर भेट बाहेर, मातीवर किंवा गवतावर व्हावी.

भेटताना समोरून वाकू नये. बाजूला तोंड करून खाली बसावे आणि त्याला येऊ द्यावे. आला तर हनुवटीखाली किंवा छातीवर हलकेच खाजवावे. डोक्यावर थोपटू नये, पट्टा धरून ओढू नये. आवाज खालचा, संथ. 'कोण आलं रे, कोण आलं!' असा उत्साहही त्याला पेलत नाही.

त्याच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर खाऊचे दोन-चार तुकडे टाकावेत. उकडलेली कोंबडी किंवा पनीर चालते. नाक खाली घालून हुंगत फिरणारा कुत्रा शरणागतीच्या पवित्र्यात नसतो. काही दिवसांनी, तो निवांत असताना, 'बस' किंवा तळहाताला नाक लावणे असे सोपे काम शिकवावे. भेटीच्या वेळी काय करायचे हे माहीत असले की त्याला विनवणीची गरज कमी वाटते.

पायऱ्या लहान ठेवाव्यात. बाबा दारातून आत येतात आणि लघवी होते, असे असेल तर आधी बाबांनी दूर बसून तुकडे टाकावेत. मग उभे राहून, मग दोन पावले चालून, मग दारातून येऊन. एखाद्या पायरीवर थेंब पडले तर ती पायरी मोठी झाली असे समजावे आणि मागे जावे. एका वहीत तारीख, वेळ, समोर कोण होते, ते काय करत होते हे लिहून ठेवल्यास आठवडाभरात घरातली नेमकी कारणे दिसू लागतात.

लघवी झालीच तर काही बोलू नये. कुत्र्याला दुसरीकडे जाऊ द्यावे आणि मग पुसावे. जवळ घेऊन समजावू लागले तर प्रेमाने भीती 'पक्की' होते असे नाही, पण समजावायला आपण पुन्हा त्याच्यावर वाकतो, आणि तेच तर कारण होते. पुसण्यासाठी विकरयुक्त द्रावण असेल तर उत्तम, अमोनिया असलेले टाळावे. पाणी मात्र कधीही तोडू नये. पाहुणे येण्याआधी फिरवून आणावे, म्हणजे मूत्राशय रिकामे असते.

सगळ्यांत अवघड गोष्ट ही, की घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने वागावे लागते. चौघे खाली बसतात आणि पाचवा दारातच गर्जतो, तिथे महिनोन्महिने प्रगती होत नाही. नीट पाळले तर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. फार घाबरट कुत्र्याला पशुवैद्य चिंता कमी करणारे औषध देऊ शकतात. ते या सरावाला जोड म्हणून असते, सरावाऐवजी नव्हे.

दिवाळीतला पाहुणचार

हा अंक हाती येईल तेव्हा घराघरांत पाहुणे येऊ लागलेले असतील. भित्र्या कुत्र्यासाठी हे दिवस सर्वांत कठीण. बाहेर फटाके, आत अनोळखी माणसे, नव्या कपड्यांचे आणि उटण्याचे वास, आणि 'अय्या, किती गोड!' म्हणत एकामागून एक वाकणारे चेहरे. अशा वेळी घरातल्या आतल्या खोलीत त्याचे अंथरूण, पाणी आणि चघळायला काही ठेवावे आणि पाहुणे स्थिरस्थावर होईपर्यंत त्याला तिथेच राहू द्यावे. तो आपण होऊन बाहेर आला तर येऊ द्यावा. पाहुण्यांना दारातच सांगावे, की त्याच्याकडे पाहू नका, हात लावू नका, तो येईल तेव्हा येईल. मुलांच्या हातून फराळाचे तुकडे जाणार नाहीत हेही बघावे, कारण चिवड्यातले बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे असतात.

काकांना किंवा मामांना हे सांगताना थोडा संकोच वाटेल. 'कुत्र्याचे एवढे काय कौतुक' असेही कोणी म्हणेल. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि खाऊचे दोन तुकडे हातात ठेवून ते जमिनीवर टाकायला सांगावे. बहुतेक जण ऐकतात. अर्ध्या तासाने कुत्रा काकांच्या पायाशी हुंगत फिरू लागला आणि फरशी कोरडी राहिली, की पुढचे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.